भार टाकी दे

दर सोमवारी सकाळी नऊपासून शहाद्याच्या त्या दवाखान्यात वजनकाट्यापुढे रांग लागे. दवाखाना बस स्टँडच्या मागच्या गल्लीत. खाली डॉक्टर बसत आणि वरच्या एकुलत्या खोलीत दीपमाला. आहारतज्ज्ञ म्हणून तिचं इथे तिसरं वर्ष चालू होतं. जानेवारीत तिने अठरा ते पंचवीस वयाच्या एकतीस मुलामुलींचा गट जमवला. उपास नाहीत, डब्यातल्या पावडरी नाहीत. सकाळी आठला, दुपारी एकला आणि संध्याकाळी सहाला प्रत्येकाच्या फोनवर एक छोटी सूचना जायची. "जेवणाआधी पेलाभर पाणी प्या." "फोनवर बोलताना उभे राहा." "शेवटची अर्धी भाकर ताटाबाहेर ठेवा." सांगितलेलं केलं की मुलांनी नुसता १ लिहून पाठवायचा. सूचना दीपमालाने स्वतः लिहिल्या होत्या. त्या वेळेवर सुटण्याची व्यवस्था नंदुरबारच्या संगणकवाल्या भावेशने लावून दिली होती.

पहिल्या बैठकीत तिने मुलांना सांगितलं, "विचार करत बसायचं नाही. सूचना आली की उठायचं. महिन्याभरात अंग आपलं आपण उठायला लागतं. सवय म्हणजे तेवढंच."

नवनीत कळसाडीचा. वय तेवीस, वजन एकशे आठ किलो. घरची उसाची आणि कापसाची शेती थोरला भाऊ बघे. नवनीतने गावात ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं होतं. ब्राह्मणपुरीला एका लग्नात त्याच्याखालची खुर्ची मोडली आणि कोणीतरी त्याचा व्हिडिओ काढून तालुकाभर फिरवला. ही हकीकत तो स्वतःच हसत सांगे. सांगताना मात्र बोटांनी शर्टाचं खालचं टोक ओढत राही.

फेब्रुवारीअखेर बहुतेक मुलं दोन-अडीच किलोंनी उतरली होती. नवनीत काट्यावर उभा राहिला आणि आकडा आला ब्याण्णव.

दीपमालाने त्याला उतरवून पुन्हा चढवलं. ब्याण्णवच. तिने कमरेला टेप लावली. सेहेचाळीस इंच, जानेवारीत होती तेवढीच. दंड तेवढाच, मान तेवढीच. शर्टाचं पोटावरचं बटण पूर्वीसारखंच ताणलेलं होतं.

"काटा बिघडला असेल," ती म्हणाली आणि स्वतः चढली. तिचं वजन नेहमीचंच आलं. त्याच्यामागे उभ्या असलेल्या, गटातल्याच रुचिकाचंही बरोबर आलं.

"हलकं वाटतं ताई," नवनीत म्हणाला. "खरंच वाटतं. तुमच्या सूचना मी एकही चुकवली नाही."

तेही खरं होतं. त्या दुपारी तिने संगणकावर त्याची नोंद उघडली. आठवड्याच्या एकवीस सूचना, आणि त्याच्याकडून आलेले १ मात्र अडतीस. चुकून दोनदा दाबलं गेलं असेल, असं तिला वाटलं. पण वेळा जुळत नव्हत्या. सकाळी साडेदहा. दुपारी तीन. पावणेपाच. त्या वेळांना तिने काहीच पाठवलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी आकडा आला सत्याहत्तर. तिने त्याचा फोन मागून घेतला.

तिच्याच नंबरावरून आलेले संदेश, तिच्याच नावाखाली. "जेवणाआधी पेलाभर पाणी प्या." हे तिचं. त्याच्या खाली, "डावा खांदाना भार टाकी दे." मग पुन्हा तिचं, "फोनवर बोलताना उभे राहा." आणि खाली, "पाठना भार टाकी दे." तिने सगळ्या सूचना पुस्तकी मराठीत लिहिल्या होत्या. हे अहिराणीतलं, घरच्या माणसाने सांगावं तसं. प्रत्येकाखाली नवनीतचा १.

"हे मी नाही पाठवलं," ती म्हणाली.

नवनीतने तिच्याकडे पाहिलं. "मला वाटलं, आमच्यासाठी आमच्या बोलीत लिहिलं तुम्ही."

"पण याचा अर्थ काय? खांद्याचा भार टाकायचा म्हणजे तू काय केलंस?"

"काहीच नाही. वाचलं, आणि तो गेला."

"कसा गेला?"

"ताई, तुम्हीच म्हणाला होता, विचार करायचा नाही."

खालच्या डॉक्टरांनी त्याला तपासलं. रक्त, लघवी, छातीचा फोटो, सगळं ठीक. त्यांनी दीपमालाला नवा काटा मागवायला सांगितलं. नवा काटा आला, त्याच्यावर नवनीत अडुसष्ट भरला. भावेशने नंदुरबारहून सगळं उलटसुलट करून पाहिलं आणि फोन केला. "तुझ्याकडून दिवसाला तीनच जातात. बाकीचं इथून गेलेलंच नाही. मी त्याचा नंबर काढून टाकतो." त्याने काढला. त्या दिवशी नवनीतकडून नऊ वेळा १ आला.

मग तिला एक उपाय सुचला. सूचनेने गेलं असेल तर सूचनेनेच येईल. तिने आपल्या फोनवरून त्याला त्याच्याच बोलीत लिहिलं, "नवनीत, टाकेल भार परत ले." अर्ध्या तासाने त्याचाच फोन आला.

"तुमचं आलं ताई. तीनदा वाचलं." त्याचा आवाज खोल गेलेला होता. "हे माझ्याने होत नाही. ते आपोआप होतं, तसं हे होत नाही."

त्याच आठवड्यात ती कळसाडीला गेली. एप्रिलचं ऊन, दुपारचे चार. घराबाहेर त्याची आई दगूबाई दादर ज्वारी पाखडत बसल्या होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं.

"खावाले खास, ताई. पोटभर खास," त्या म्हणाल्या. "पन खाटलावर बठना तं खाट हालत नही. चालस तं पावलाना आवाज येत नही. मी मागे वळीसन दखस तं हाऊ उभा ऱ्हास."

नवनीत शेतात होता. उसाला नुकतंच पाणी दिलेलं, सरीतला चिखल काळाभोर. बांध सोडून दीपमाला दोन पावलं आत गेली आणि घोट्यापर्यंत रुतली. नवनीत समोरून सरीतूनच चालत आला. तोच रुंद देह, तीच मान, तोच ताणलेला शर्ट. तो जवळ आल्यावर तिने त्याच्या मागे पाहिलं. चिखलावर त्याची पावलं उमटली होती, पण बगळा चालून जावा एवढीच खोल.

"मला नको आता ताई," तो हळू म्हणाला. "बंद करा ना."

"तुझा फोन दे मला."

त्याने लगेच दिला. तिने तिथेच तो बंद केला, सिम काढलं, दोन्ही पर्समध्ये टाकलं. शहाद्याला येऊन टेबलाच्या खणात ठेवलं आणि कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहाला संगणकावर नवनीतच्या नावापुढे १ आला.

तिने दगूबाईंच्या फोनवर फोन लावला. "मावशी, नवनीत आत्ता काय करतो?"

"काही नही. वट्टावर बठेल शे." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "आंगठा हालाई ऱ्हायना."

दीपमालाने त्या दिवशी सगळ्यांच्याच सूचना बंद केल्या. बाकीच्या तीस मुलांना फोन करून गट संपल्याचं सांगितलं. मुलं कुरकुरली. नवनीतचे १ थांबले नाहीत. कधी सकाळी, कधी भर दुपारी. प्रत्येक वेळी त्याने काय टाकलं, हे आता तिला कळायला मार्ग नव्हता. ती नुसती आकड्याकडे बघत राही. समोर बसलेल्या माणसाचं बोलणं तिच्या कानावरून जाई.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दगूबाई त्याला घेऊन आल्या. सकाळचे अकरा वाजले होते. त्यांनी त्याचं मनगट घट्ट धरलं होतं. जिना चढताना एकाच माणसाची पावलं वाजली.

"तीन दिन व्हयनात," दगूबाई म्हणाल्या. "नाव घेतं तं ओ देत नही. नवनीत म्हनं, भाऊ म्हनं, लहानपनना नावघाई हाक मारी. कोनाले हाक मारी ऱ्हायनी मी, असा दखस."

"नवनीत," दीपमाला म्हणाली.

तो खिडकीकडे पाहत होता. चेहरा शांत होता. तो भरला-भरला देह अर्धी खोली व्यापून उभा होता.

तिने काटा पुढे सरकवला. त्यावर पाय पडला की तो उजळे, शून्य दाखवी, मग वजन मोजी.

दगूबाईंनी मुलाला काट्यावर उभं केलं आणि हात सोडला.

काटा उजळला नाही.

दीपमालाने वाकून पाहिलं. दोन्ही तळवे काचेवर पूर्ण टेकलेले होते. तिने कडेला आपलं एक बोट दाबलं. काटा लगेच उजळला, शून्य आलं. बोट काढलं. थोड्या वेळाने तो विझला.

पंख्याचा वारा फिरत फिरत त्यांच्याकडे आला, तशी दगूबाईंनी झटकन पुढे होऊन त्याचं मनगट पुन्हा धरलं.

दीपमालाने पंखा बंद केला. आपण हे का केलं, हे तिने स्वतःला विचारलं नाही.

"धुळ्याला मोठ्या डॉक्टरांना..." ती म्हणाली आणि थांबली. काय सांगायचं तिथे, कोणत्या विभागात न्यायचं, तिला काही सुचेना.

"मी लई जास घर," दगूबाई म्हणाल्या. तिला दोष देण्यासारखं त्यांच्या आवाजात काही नव्हतं. "शेतमा आते वारा भलता शे. घरमाच ठेवसू."

दीपमाला त्यांना स्टँडवर सोडायला गेली. गल्लीतून जाताना दगूबाईंच्या एका हातात मुलगा होता आणि दुसऱ्या हातात बाजारातून घेतलेल्या बटाट्यांची पिशवी. पिशवीने हात भरून आला म्हणून त्या वाटेत दोनदा थांबल्या, आणि थांबून मुलगा या हातात, पिशवी त्या हातात अशी अदलाबदल केली.

गाडी उन्हात तापून उभी होती. आत सगळ्या खिडक्या उघड्या, तरी माणसं पदराने, वर्तमानपत्राने वारा घेत होती. दगूबाईंनी नवनीतला खिडकीशी बसवलं. बटाट्यांची पिशवी त्याच्या मांडीवर ठेवली आणि वरून हाताने दाबून धरली. मग दुसऱ्या हाताने खिडकीची काच ओढून घेतली.

"मावशी, उघडी राहू द्या ना, जीव जाई ऱ्हायना गरमीमा," मागच्या सीटवरची बाई म्हणाली.

दगूबाईंनी मागे पाहिलं नाही. काच पुरती लागली की नाही, हे त्या खालपासून वरपर्यंत बोट फिरवून तपासत होत्या.