तिसऱ्या रांगेतला शेवटचा

माणूस भेटला की लोक आधी त्याचे डोळे बघतात, मी दात बघते. धंदाच तसा आहे. दातांचे डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेऊन पाठवतात आणि मी घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यावरून कवळ्या बनवते. आई म्हणते, "हिच्यासमोर हसायची सोय नाही." तिची कवळीही मीच केली होती. ती इतकी चपखल बसली होती, की शेजारच्यांना ते तिचे स्वतःचेच दात वाटायचे.

आईने आपल्या वडिलांना कधी पाहिलं नाही. ती पोटात असताना ते महायुद्धावर गेले आणि परत आले नाहीत. मेल्याची खबरही आली नाही, 'बेपत्ता' एवढंच कळलं. घरात त्यांचा लग्नातला एक फोटो होता. त्यात ते हसत होते आणि वरचे दात खालच्या ओठावर आलेले होते. आईच्या जबड्याची ठेवण तीच, माझीही तीच. ऐंशीला टेकल्यावर आईने एकच धोशा लावला, मरायच्या आधी वडिलांचा माग लागायला हवा. तिचं हृदय अधू झालं होतं. मला तिला नाही म्हणवत नव्हतं.

आजोबांच्या पलटणीतल्या सैनिकांच्या घरची माणसं दर रविवारी सकाळी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमत. म्होरके होते मोजणीकाका, जमीनमोजणीच्या नोकरीतून निवृत्त झालेले. तुकडी निघण्यापूर्वी काढलेला फोटो त्यांनी भिंतभर मोठा करून लावला होता. आपल्या घरचा फोटो घेऊन त्यापुढे उभं राहायचं, कान, नाक, कपाळ पडताळायचं, सगळ्यांना पटलं की त्या चेहऱ्याखाली चिठ्ठी टोचायची.

"शेतासारखंच आहे हे," काका म्हणायचे. "बाकीच्यांच्या हद्दी ठरल्या, की उरलेला तुकडा कोणाचा ते आपोआप कळतं."

हळूहळू सगळ्या हद्दी ठरल्या. शेवटी एकच चेहरा उरला, तिसऱ्या रांगेतला शेवटचा. आणि एकच घर उरलं, आमचं.

आई भिंतीजवळ गेली आणि तिने त्या माणसाच्या गालावरून हात फिरवला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी जवळ जाऊन पाहिलं. त्याचा खालचा जबडा पुढे आला होता, पार वरच्या ओठाच्या पुढे. लग्नातल्या फोटोतल्या माणसाचा तो असणं शक्यच नव्हतं.

"काय ग, बसतंय ना?" काकांनी विचारलं.

आई माझ्याकडे बघत होती. इतकी खूश मी तिला कधीच पाहिली नव्हती.

"बसतंय," मी म्हटलं.

तो चेहरा मोठा करून, चौकटीत घालून तिने आपल्या खोलीत लावला. सकाळी उठली की ती त्याला "बाबा" अशी हाक मारायची आणि दिवसभरातलं सगळं सांगायची. म्हाताऱ्या माणसाला विरंगुळा मिळाला म्हणून मला बरंच वाटलं. मग ती बोलताना मध्येच थांबायला लागली, समोरच्याचं ऐकून घेताना थांबतो तशी. खोलीतली खुर्ची रोज दाराच्या दिशेने फिरवलेली असायची. ओल्या लोकरीचा वास यायला लागला. मी गाद्या उन्हात टाकल्या, कपाट रिकामं करून पुसलं, तरी वास हलेना.

एकदा भर दुपारी आतून खोकला ऐकू आला. खोकणारा पुरुष होता.

"कोण खोकलं ग?"

"कोण खोकणार?" आई हसली. "दार लावून घे. त्यांना उघडं आवडत नाही."

मी दार लावून घेतलं आणि स्वतःला समजावलं, शेजारच्या घरातून आवाज आला असेल.

मग कवळी बसेनाशी झाली. जेवताना खटखट वाजायची, खालचे दात वरच्यांच्या पुढे जायचे. मी आईच्या तोंडाचं नवं माप घेतलं, प्लास्टरचा साचा काढला आणि फळीवरच्या जुन्या साच्याशेजारी ठेवला. खालचा जबडा पुढे सरकला होता. म्हातारपणी जबड्याचं हाड झिजतं. ते वाढून असं पुढे येत नाही. मी पुन्हा माप घेतलं. या साच्यातला जबडा आधीच्याहूनही पुढे होता.

ज्या डॉक्टरीणबाईंचं काम मी करते, त्यांना जुना आणि नवा असे दोन साचे दाखवले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिले.

"ही दोन वेगळी माणसं आहेत," त्या म्हणाल्या. "तुमच्याकडून साच्यांची अदलाबदल झालेली दिसते."

घरी आले तर आई लग्नातला फोटो हातात धरून बसली होती.

"हा कोण ग?" तिने विचारलं. "कोणाचं हे आपल्या घरात?"

मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. कवळी काढलेली होती. खालचा ओठ वरच्यावर चढला होता. माझ्या आईच्या चेहऱ्यात मला माझी आई शोधावी लागत होती. मला रडू कोसळलं.

दुसऱ्या दिवशी मोजणीकाकांचा फोन आला. एरवी गप्पांना सुरुवात करायला त्यांना हवापाणी लागायचं. या वेळी त्यांनी थेट मुद्द्याला हात घातला.

"माझं चुकलं ग. फोटो काढला त्या दिवशी काहीजण तापाने आजारी होते. ते फोटोत नाहीतच, हे मी धरलंच नव्हतं. तुझे आजोबा त्या आजाऱ्यांत होते. त्यांतल्या बाकीच्यांच्या घरचं आपल्यात कोणी नाही, म्हणून ध्यानात आलं नाही."

"मग तो शेवटचा कोण?"



"एका घरी तेव्हाची मूळ प्रत सापडली. तिच्यात तिसऱ्या रांगेच्या टोकाला कोणीच नाही. नुसती जागा आहे. आपल्या भिंतीवर इतके दिवस... जाऊ दे. आईला सांभाळ."

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तिला सांगायचं, चौकट खाली उतरवायची आणि तिला घेऊन थेट माझ्या बहिणीकडे जायचं, असं मी ठरवलं. तिच्या हृदयाला धक्का बसेल याची भीती होती. पण ती अशी थोडी थोडी परकी होताना पाहणं त्याहून भयंकर होतं. मी तिच्या खोलीपाशी गेले.

"आई, तो माणूस..."

बाहेरच्या दारावर थाप पडली.

मी मागे फिरून दारातल्या भिंगातून बघितलं. बाहेर जिन्यावर चांगलं ऊन होतं. पंचविशीचा एक माणूस उभा होता. बोडक्या डोक्याचा, अंगावर खाकी कपडे, ताप येऊन गेल्यासारखा उतरलेला. तो उगाचच हसत होता, परक्या दारात उभा राहिलेला माणूस हसतो तसा. वरचे दात ओठावर आलेले. ते माझं तोंड होतं.

"घरात कोणी आहे का?" तो म्हणाला. "मुलगी झाली असं कळलं. बघायला आलोय."

माझा हात कडीवर गेला. भीती वाटायला हवी होती, पण त्याच्याबद्दल मला फक्त माया वाटली.

"उघडू नकोस," आई मागून म्हणाली.

मी वळले. आई खोलीच्या दारात उभी होती. तिच्या खांद्यावर शाल होती. शालीवर कोणाचा हात नव्हता, पण तिच्यात चार बोटांचे दाब उमटलेले होते. माझ्या डोळ्यांदेखत ते दाब आणखी खोल गेले. आईने डोळे घट्ट मिटले.

"बाबा घरातच आहेत म्हणून सांग," ती कशीबशी म्हणाली. "सांग ना ग."

कडी माझ्या हातात होती. एक झटका, की दार उघडलं असतं. आईच्या तोंडून बारीक कण्हणं निघालं.

मी दाराला तोंड लावलं.

"चुकीचं घर आहे."



"असं का," तो म्हणाला. "माफ करा हं. त्रास दिला." मग, अगदी हळू, "ती लोकं कुठे राहायला गेली, सांगाल का?"

मी कडीवरचा हात काढून घेतला. त्याची पावलं जिना उतरत गेली. मधल्या पायऱ्यांवर ती थांबली आणि मग पुन्हा उतरायला लागली.

आईच्या शालीवरचे दाब हळूहळू भरून आले.

"गेला का?" कोणीतरी विचारलं.

आईचे ओठ मिटलेले होते.