डब्यातला दाजींचा आवाज

ही गोष्ट माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरी घडली. मी स्वतः तिथे होतो. त्यामुळे 'कुणीतरी असं सांगितलं' म्हणून अंग काढून घ्यायची सोय मला नाही.

साल १९९३. मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं, त्याच्या आदल्या वर्षीचा पावसाळा. गाव सेलू, जिल्हा परभणी.

आणि रात्र नव्हती. जे घडलं ते दिवसाउजेडी घडलं.

माझी थोरली बहीण सुमन. आम्ही तिला अक्का म्हणतो. तिचे मालक बन्सीधरराव, म्हणजे आमचे दाजी, मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, लिलाव पुकारायचे. काय आवाज होता माणसाचा! मोंढ्याच्या फाटकात बैलगाडी शिरली की गाडीवानाला आधी दाजी ऐकू यायचे, मग दिसायचे.

त्या दाजींना आदल्या पावसाळ्यात अर्धांगवायूचा झटका आला.

उजवं अंग गेलं. वाचा गेली. मोंढा हलवणारा माणूस पुढच्या खोलीत खाटेवर पडून नुसता छताकडे बघू लागला. घशातून एक घरघर तेवढी यायची.

डॉक्टरांनी अक्काला बजावलं होतं, "यांना खोकून कफ टाकता येत नाही. ठसका लागला की लगेच कुशीवर वळवा. उशीर झाला तर हातातून जातील."

आता अक्काचं घर असं की पुढे दाजींची खोली, मधे लांब अंगण, आणि पार मागे स्वयंपाकघर. मागे ती भाकरी थापत असेल तर पुढचा ठसका ऐकू येणार कसा? एकच मुलगी, ती गंगाखेडला दिलेली. घरात तिसरं माणूस नाही.

अक्का एक भाकरी थापायची आणि पुढे पळायची. दुसरी थापायची, परत पळायची. वर्षभरात ती वाळून काडी झाली.

"दिनकर, मला झोप लागायची भीती वाटायलीय रे," ती मला म्हणाली. "डोळा लागला अन् तेवढ्यात ह्यांना काई झालं तर?"

मी तेव्हा परभणीला कृषी विद्यापीठात नोकरीला होतो. ऑफिसातल्या एका साहेबांनी सांगितलं म्हणून मी हैदराबादहून एक वस्तू मागवली. वायरलेस इंटरकॉम.

दोन पांढरे डबे. मधे वेगळी तार ओढायची नाही. एक डबा पुढच्या खोलीत प्लगाला लावायचा, दुसरा मागच्या. घरातल्या लाइटच्या तारांमधूनच आवाज जायचा. एका डब्याचं बटण दाबून अडकवून ठेवलं की तिथला श्वासही दुसऱ्या डब्यात ऐकू येई.

येई म्हणजे, यायला पाहिजे होता.

पहिल्या दिवशी डबे एकमेकांशी जुळेनातच. मी प्लग बदलून पाहिले. चॅनलची कळ इकडून तिकडे करून पाहिली. फ्रिज बंद केला. काही नाही. शेवटी नागनाथ वायरमनला बोलावलं. त्याने पाहिलं की पुढची खोली एका फेजवर आहे आणि स्वयंपाकघर दुसऱ्या. त्याने दोन्ही एका फेजवर आणलं.

आणि मागच्या डब्यातून दाजींचा श्वास ऐकू आला.

अक्का डब्याला कान लावून रडली. त्या दिवशी वर्षभरात पहिल्यांदा ती बसून जेवली.

मी परभणीला परत आलो. थोडे दिवस बरे गेले.

मग अक्काचा ऑफिसात फोन आला.

"दिनकर... हे बोलायलेत."

मी आनंदाने उभाच राहिलो. "दाजी बोलले? काय म्हणाले?"

"माझ्याशी न्हाई. डब्यात बोलायलेत. मी पुढं गेले की गप."

मी शनिवारी सेलू गाठलं. वाटलं, कुणा शेजाऱ्याकडे असाच डबा असेल, त्याचा आवाज घुसत असेल. मी सगळी गल्ली विचारत फिरलो. कुणाकडेच असलं काही नव्हतं. चॅनल बदलला, प्लग बदलला. मग मी दाजींच्या खाटेपाशी बसलो आणि अक्का मागे गेली.

पाऊस भुरभुरत होता. दाजींचे डोळे मिटलेले. ओठ मिटलेले. मी त्यांच्या ओठांवरून नजर काढली नाही.

थोड्या वेळाने मागून अक्काची हाक आली.

"दिनकर... आता बोलायलेत बघ. ऐकायलास का?"

माझ्यासमोर दाजी गप्प पडलेले होते.

मी अंगण ओलांडून मागे धावलो. डब्याचा लाल दिवा लागलेला. आणि आतून तोच आवाज. स्वच्छ. भरदार. झटका येण्याआधीचा.

"आत्ता नका... चुलीपाशी हाय ती."

मग शांतता.

ती शांतता मी अजून विसरलो नाही. डब्याची खरखर थांबली. पत्र्यावरचा पाऊस ऐकू येईना. माझा श्वासही मला ऐकू येईना. पलीकडून कुणीतरी बोलत असावं आणि तेवढा वेळ जगातले बाकीचे आवाज काढून घेतले असावेत, तसं.

मग पुन्हा दाजी. "व्हय, ठाव हाय मला. पर आज नका."

पुन्हा ती शांतता...

"थांबा की. पाया पडतो तुमच्या."

अक्काने माझा दंड धरला.

"न्यायला आलंय कुणीतरी ह्यांना," ती म्हणाली. "अन् हे थोपवून धरायलेत."

मीही तेच समजलो होतो.

मी तिला म्हणालो, "अक्का, डबा काढून टाकू."

"न्हाई." ती डब्यासमोर आडवी उभी राहिली. "वर्षभर ह्या आवाजासाठी देव पाण्यात ठेवले मी. कसा का हुईना, ऐकू यायलाय. काढू नको."

त्यानंतर ती पुढे जाऊन दाजींच्या उशाशी बसली. "एकदा माझ्याशी बोला की हो. एकच शब्द," असं म्हणत राहिली. दाजींनी डोळे उघडले. डोळ्यांच्या कडांतून पाणी ओघळत होतं. घशातून नुसती घरघर. पण ते तिच्याकडे बघत नव्हते. तिच्या मागे बघत होते. ती ज्या बाजूला सरकेल, त्या बाजूला... बरोब्बर तिच्या मागे.

मी मागे वळून पाहिलं. तिथे कुणी नव्हतं.

संध्याकाळी चहाच्या वेळेला लाइट गेली. डब्याचा दिवा विझला. अक्का अंधुक उजेडात कपबशा विसळत होती.

आणि विझलेल्या डब्यातून दाजी बोलले.

"तिला ठाव न्हाई. तिला काई सांगू नका."

अक्काने कप खाली ठेवला. तिने बटण दाबलं आणि तोंड डब्याजवळ नेलं.

"कोण हाय ते मला ठाव न्हाई. पर ह्यांना नेऊ नका. मी हात जोडते. ह्यांच्याबिगर माझं कुणी न्हाई."

शांतता. ह्या वेळी फार लांबली.

मग दाजींचा आवाज. अगदी हळू. "बघा... तिला वाटायलंय तुमी माझ्यासाठी आलाव."

त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला होता का? लागला असावा. पण अक्काने पुन्हा कपबशा विसळायला घेतल्या. मी पुढे जाऊन दाजींची चादर उगाचच नीट केली.

पुढच्या आठवड्यात झड लागली. सेलूत पाऊस थांबेना. अक्काचा निरोप आला की डबा बंद पडलाय, श्वासही येत नाही. ये.

मी सकाळच्या गाडीने गेलो. दोन्ही डबे उघडून पाहिले. दिवे लागत होते, पण डबे जुळत नव्हते. तिकडे दाजींची छाती कफाने भरलेली. अक्का एका भाकरीला चार फेऱ्या मारत होती, आधीसारखीच. तिच्या डोळ्यांखाली काळं पडलं होतं.

"मी नागनाथला घेऊन येतो," मी म्हणालो. "तू कशाला हात लावू नको."

"लवकर ये," ती म्हणाली.

नागनाथ मोंढ्यात सापडला. आम्ही भर पावसात परत आलो तेव्हा दुपार होती.

दार उघडंच होतं.

अक्का अंगणात बसली होती. भिजत. डबा मांडीवर, त्याची वायर चिखलात लोळत होती.

"अक्का?"

तिने माझ्याकडे पाहिलं. बोलली ती अगदी शांतपणे.

"डबा काढून मी सैपाकघरातच दुसऱ्या बोर्डाला लावायला गेले. प्लग हातात होता माझ्या. बोर्डाला हात लावणारच... तर हे डब्यात ओरडले."

"काय म्हणाले?"

"'ती नको,' म्हणले. 'मला उठवा. हाताला धरा अन् उठवा मला. एवढं करू द्या, मग मी येतो.'" तिने मांडीवरच्या डब्यावरचं पाणी पुसलं. "अन् लाइट गेली."

मी पुढच्या खोलीत धावलो.

दाजी गेले होते.

उताणे. शांत. चादर छातीपर्यंत, एक सुरकुती नाही. पण उजवी मूठ आवळलेली. वर्षभर जी बोटं सरळही झाली नव्हती आणि वळलीही नव्हती, ती उजवी.

नागनाथने ती मूठ कशीबशी उघडली.

आत चिनीमातीचा फ्यूज होता. घराचा मेन फ्यूज.

मेन बोर्ड त्याच खोलीत, दाराच्या वर. तिथे माझाही हात पोचत नाही, स्टूल लागतं. खोलीत स्टूल नव्हतं. शेजारच्या घरात लाइट चालू होती.

मी चादर पायाकडून वर केली. का केली, सांगता येत नाही. वर्षभर जमिनीला न टेकलेले त्यांचे तळवे... ओल्या धुळीने मळलेले होते.

तिसऱ्या दिवशी नागनाथने फ्यूज परत बसवला आणि स्वयंपाकघरात गेला. भिंत पावसाने भिजून गच्च झाली होती. त्याने बोर्डाच्या लोखंडी पट्टीला टेस्टर लावला. टेस्टर पेटला. भिंतीला लावला, तिथेही पेटला.

तो टेस्टर खिशात घालत अंगणात आला.

"दिनकरराव," तो म्हणाला, "अक्कांनी ओल्या हातानं इथं हात लावला असता, तर आपल्याला दोन तिरड्या बांधाव्या लागल्या असत्या."

डबे मी गोदावरीत सोडले. दाजींच्या अस्थींबरोबर, गंगाखेडला.

अक्का तेव्हापासून माझ्याकडे, परभणीला आहे. आता तिचं वय झालंय, पण तब्येत ठणठणीत. लोक म्हणतात, दाजींनी मरणाशी सौदा केला आणि बायकोला वाचवलं. मीही बरीच वर्षं असंच सांगायचो.

मागच्या महिन्यात हेच मी तिच्यासमोर कुणाला तरी सांगत होतो. पाहुणा गेल्यावर तिने मला जवळ बोलावलं.

"दिनकर, तू सौदा झाला म्हणतोस. मी सारं ऐकलंय. हे एकटेच बोलायले होते. समोरच्यानं काय जवाब दिला, ते मला कधीच ऐकू आलं न्हाई."

ती खिडकीकडे वळली.

"अन् हे 'आज नका' म्हणले, 'आत्ता नका' म्हणले. कधीच येऊ नका, असं ते एकदाबी म्हणले न्हाईत."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं.

पण त्याच वेळी खिडकीबाहेरच्या रिक्षांचा आवाज थांबला. वरच्या पंख्याचा आवाज थांबला. पंखा फिरत होता... आणि मला काहीच ऐकू येत नव्हतं.

अक्का माझ्याकडे बघत होती. तिलाही ते कळलं होतं.

किती वेळ गेला, माहीत नाही. मग रिक्षांचे आवाज परत आले.

ह्या वेळी 'आत्ता नका' म्हणणारं कुणी नव्हतं.