मुफ्लिहची डावी गाठ

सन दोन हजार नऊ, नोव्हेंबरची चौदा तारीख, वार शनिवार. हिवाळ्यातला पहिला पाऊस अजून पडायचा होता. दिवसा खडक सोसवेल इतपत तापे, आणि सूर्य डोंगराआड गेला की घटकाभरात हाताला बर्फासारखा लागे. अमावास्येला दोन दिवस उरले होते. ज्याच्यावर हे गुदरले तो गानिम माझ्या शेजारच्या तंबूत राहत असे. त्याने सांगितले तेवढेच मी सांगतो. विस्तवात काटक्या घाला, आणि मध्ये बोलू नका.

काम अगदी साधे होते. मुफ्लिहच्या आईची राखी बकरी कड्यावरच्या एका कंगोऱ्यावर जाऊन अडकली होती. वर जाता येईना, खाली उतरता येईना. मुफ्लिह, गानिम आणि खलफ हे तिघे लहानपणापासूनचे दोस्त. रानबकऱ्यांच्या मागे अनवाणी धावत त्यांनी आपल्या रुमच्या वाळवंटातला एकेक कडा पायाखाली घातला होता. तिघे एक दोर घेऊन निघाले.

"बारा दिवसांवर लग्न आलंय आणि नवरदेव बकरीच्या मागे!" गानिम म्हणाला.

"आईनं सांगितलंय, बकरी आली नाही तर वरातीत तीही येणार नाही," मुफ्लिह म्हणाला. "खलफ, तू सांग लेका, दोघींपैकी कोण जास्त हट्टी? बकरी की तुझी चुलतबहीण?"

खलफ हसला. "बकरी परवडली. ती निदान शिंगं दाखवते."

ती चुलतबहीण म्हणजे सबहा, मुफ्लिहची नियोजित वधू. आपल्यात चुलत्याच्या मुलीवर पहिला हक्क चुलतभावाचा, हे तुम्हांला सांगायला नको. खलफने तो हक्क वडीलधाऱ्यांसमोर सोडला होता, आणि सोडल्याची कॉफीही तो प्याला होता. कॉफी पिऊन झाल्यावर त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार करायचा नसतो. म्हणून कोणी केला नाही. त्या दुपारी तिघांनी दोराचा वीत न् वीत तपासला, प्रत्येक धोंडा हलवून पाहिला. खलफचे मन मात्र कोणी चाचपले नाही. शब्द दिलेल्या माणसाला पुन्हा विचारणे हा त्याचा अपमान ठरला असता.

माथ्यावर दोराचे टोक एका खडकाला बांधून गानिम बसला. पंधरा हात खाली, कड्याच्या ओठावर, दोर घासू नये म्हणून खलफ उभा राहिला. मुफ्लिह कमरेला दोर बांधून ओठाखाली उतरला. तो डावखुरा होता. त्याची गाठ सगळ्यांच्या उलट्या बाजूने वळलेली असे. ओठाखालचे गानिमला काही दिसत नव्हते. दोराची खूण ठरलेली होती. दोन हिसके म्हणजे, "मी भक्कम उभा आहे, तू ये."

दोन हिसके आले. म्हणजे मुफ्लिह बकरीपाशी पोहोचला होता. काही वेळाने तो एकटाच ओठाशी परत चढून आला असावा, कारण गानिमला दोघांचे आवाज ऐकू आले.

"हात दे, भावा. बकरी बुजलीय, दुसरा दोर लागेल."

"आधी सांग, लग्न मोडतोस?"

"खलफ... गंमत पुरे."

मग धोंड्याचा आवाज आला. ओल्या लाकडावर कुऱ्हाड पडावी तसा. एकदा. पुन्हा. मुफ्लिह ओरडला, पण तोंड फुटलेल्या माणसाला शब्द उच्चारता येत नाहीत. दोर ताणला गेला, थरथरला... आणि एकाएकी गानिमच्या हातात हलका झाला.

खालून, फार खालून, आवाज आला.

खलफ बाजूच्या घळीने वर आला तेव्हा अंधार पडला होता. त्याच्या बाहीला रक्त होते.

"दोर कातळावर घासून तुटला," तो म्हणाला. "धरायला गेलो, हात सोलला माझा."

"मी ऐकलं सगळं."

"वाऱ्यात काहीही ऐकू येतं."

वारा नव्हता.

अंधारात त्या कड्यावरून उतरता येत नाही. दोघांना रात्र माथ्यावरच काढावी लागली. खलफ पाठ करून बसला आणि दगडाने काहीतरी ठेचू लागला. ठक. ठक. ठक.

"काय करतोयस?"

"काही नाही. हात गार पडलेत."

तो दोराचे कापलेले टोक ठेचत होता, घासून तुटल्यासारखे दिसावे म्हणून. ठेचून झाल्यावर त्याने ते कड्याखाली सोडून दिले.

रात्री दीड वाजता दोराला हिसका बसला.

दोन हिसके.

गानिम उठला. "जिवंत आहे! खलफ, तो जिवंत आहे, ओढ!"

त्याने दोर धरला. दोराला वजन होते. माणसाचे वजन. खलफने त्याच्या मनगटावर दगड घातला. हाड मोडल्याचा आवाज दोघांनी ऐकला. मग तो त्याच्या छातीवर बसला आणि सुरी गळ्याला लावली.

"हात लावशील तर तूही खाली जाशील."

दोन हिसके.

थोड्या वेळाने पुन्हा दोन.

पहाटेपर्यंत...

सुरी गळ्यावरून हलली नाही.

उजाडल्यावर दोर वर ओढला. हलका होता. ठेचलेले टोक जसेच्या तसे. कंगोऱ्यावर बकरी नव्हती. मुफ्लिह सत्तर हात खाली पडला होता, कवटी फुटून. तो पडला त्याच क्षणी गेला, असे मयत धुणाऱ्यांनी सांगितले. त्याच्या कमरेला दोराचा वळ होता.

दोर नव्हता.

गानिमने सगळे सांगितले. खलफने शपथेवर उलट सांगितले: "दोर गानिमच्या हातात होता. त्यानंच तो कातळावर घासून तोडला. मी अडवायला गेलो तेव्हा मनगट मोडलं त्याचं." दोघे वर गेले होते, दोघे परत आले होते, तिसरा साक्षीदार नव्हता. अशा वेळी आपले आजे जे करीत तेच वडीलधाऱ्यांनी ठरवले, जरी सरकारने ते केव्हाच बंद केले आहे. तापलेल्या लोखंडाला जीभ लावायची. खऱ्याची जीभ भाजत नाही.

डिसेंबरची चोवीस तारीख. दूरच्या एका तंबूत न्यायकर्त्याने कॉफी भाजायची पळी निखाऱ्यांत लाल केली. आधी गानिमची पाळी. त्याला ठाऊक होते, तोंडाला कोरड पडली तर निष्पापाचीही जीभ जळेल, आणि मग खून त्याच्या आणि त्याच्या मुलांच्या माथी बसेल. त्याने मुफ्लिहचे नाव घेतले आणि तीनदा जीभ लावली. चूळ भरली. वाट पाहिली. जीभ स्वच्छ होती.

खलफ पुढे सरसावला. "आणा इकडे. मलाही भूक लागलीय," तो म्हणाला. दोघे-चौघे हसलेही.

तेव्हा बाहेर घंटा वाजली.

राखी बकरी तंबूत आली. चाळीस दिवसांची हरवलेली. पण पोट भरलेले होते. तिच्या गळ्यात दोर होता. उलट्या बाजूने वळलेली गाठ. मागे लोंबणारे टोक सुरीने कापल्यासारखे सरळ.

ती चालत खलफसमोर येऊन थांबली.

जमिनीवर पडलेले ते टोक उचलले गेले. हवेत... ताठ झाले.

दोन हिसके.

खलफने न्यायकर्त्याच्या हातातून पळी हिसकावली आणि लाल लोखंड स्वतःच्या जिभेवर दाबले. त्याने ते काढले नाही. तीन माणसे त्याचा हात ओढत होती. तरी तो काढेना. चरचर ऐकू येत होती, आणि वास... राहू दे. पळी निघाली तेव्हा तिच्याबरोबर काय निघाले, ते गानिमने मला एकदाच सांगितले.

त्यानंतर खलफ बोलला नाही. बोलायला काही उरले नव्हते. त्याने बोटाने वाळूत दोर काढला, आणि त्यावर सुरी.

दोन हजार दहाच्या मार्चची पाच तारीख, शुक्रवार. त्या दिवशी प्रकरण मिटले. खलफच्या कुळाचे वडीलधारे मुफ्लिहच्या आईच्या दारी बसले. समोर कॉफी निवत होती. मागणे मान्य होईपर्यंत कोणी पेला ओठाला लावणार नव्हते.

"रक्ताला रक्त नको," म्हातारी म्हणाली. "पण तुमच्या तंबूचा खुंटासुद्धा या खोऱ्यात राहता कामा नये. घ्या, कॉफी प्या."

ते कॉफी प्याले आणि निघून गेले.

मग तिने बकरीला जवळ घेतले. तोवर ती गाठ कोणालाच सुटली नव्हती, गानिमलाही नाही. म्हातारीने गाठीला बोट लावले आणि ती एका ओढीत सुटली. तिने दोर गानिमच्या हातात दिला.

एकशे अकरा दिवस झाले होते. पावसाळा कोरडाच गेला होता. दोर उन्हाने खरखरीत झाला होता, टोकापासून टोकापर्यंत वाळलेला. फक्त एका ठिकाणी, मुठीने धरतात तेवढाच भाग...

तो घामाने ओला होता. आणि कोमट.