शेवऱ्याची चंदेरी झूल

पडद्यावर जे पोहायला हवे होते ते पोहत नव्हते. का पोहत नव्हते, हे उदगीरजवळच्या त्या वळू-संवर्धन केंद्रात कोणालाही माहीत नव्हते. आणि माहीत नसल्यामुळे प्रत्येक जण ते ठामपणे सांगत होता.

अकरा वर्षांची शलाका बिरादार पडद्यासमोर उकिडवी बसली होती. पडदा होता 'परीक्षक' नावाच्या यंत्रमानवाच्या पोटावर. वासराएवढ्या उंचीचा, सहा पायांचा हा यंत्रमानव जिल्ह्यातील केंद्रांना आळीपाळीने भेट देई आणि पोटातल्या सूक्ष्मदर्शकाखाली वळूंचे (पैदाशीसाठी राखलेल्या बैलांचे) वीर्य तपासून दाखला देई. वीर्य म्हणजे नराच्या शरीरातील असा द्रव, ज्यात शुक्राणू (मादीच्या बीजांडाशी एकरूप होऊन नवा जीव घडवणाऱ्या सूक्ष्म पेशी) असतात. निरोगी शुक्राणू शेपटी वळवळवत सरळ पुढे पोहतात. केंद्रातल्या शेवऱ्या नावाच्या वळूचे शुक्राणू जागच्या जागी गरगरत होते, आणि पुष्कळसे तर तेवढेही करत नव्हते.

"शंभरात बावीस," परीक्षक म्हणाला. "हिवाळ्यात बहात्तर होते. पन्नासच्या खाली नापास."

"म्हंजे पुन्हा नापास," बब्रूकाका पुटपुटले. शलाकाचे काका बब्रुवान बिरादार केंद्रातील वळूंची निगा राखत.

"दुसऱ्यांदा."

तिसऱ्यांदा नापास झालेला वळू खच्ची करून विकावा, असा संवर्धन समितीचा नियम होता. देवणी जातीचा, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला शेवऱ्या जन्मला त्याच दिवशी त्याची आई गेली होती. त्याला बाटलीने दूध पाजले होते शलाकाने. अजूनही तिची चाहूल लागली, की तो अंगठा चोखायला मिळेल या आशेने मान पुढे करी. एवढ्या धिप्पाड प्राण्याला ते शोभत नसे. पण हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

"ह्यो पट्टाच नडला," काका म्हणाले. "तवाच म्हणलं होतं, नको."

चैत्रात शेवऱ्याच्या गळ्यात बोलका पट्टा आला होता, केंद्रातला पहिलाच. त्यात छोटासा मोबाइल होता. बैल कुठे आहे, किती चालला, त्याला ताप आहे का, हे तो मनोऱ्याला कळवी. समाधानकारक चालला, तर तो सगळ्या वळूंना मिळणार होता. पट्ट्याचे बक्कल त्या दिवशी शलाकानेच लावले होते. आठवडाभरात गावात बातमी पसरली, की मोबाइलच्या लहरींनी नर निकामी होतात. तपासणीचे आकडे नंतर घसरले. बातमी त्यांच्या आधीच येऊन बसली होती.

"मास्तर, खरं सांगा," शलाका म्हणाली. प्रश्नाला प्रतिप्रश्न करण्याच्या सवयीमुळे परीक्षकाला सगळे मास्तर म्हणत. "पट्ट्यातल्या लहरींमुळेच झालं ना हे?"

"माहीत नाही."

"तुम्हालाच माहीत नाही, तर मग कोणाला आहे?"

"फाटकाशी उभ्या असलेल्या सात जणांना. त्यांतल्या एकानेही सूक्ष्मदर्शकात पाहिलेले नाही." परीक्षकाचा एकुलता एक डोळा तिच्याकडे वळला. "तू घाबरली आहेस. घाबरलेल्या माणसाला लवकर उत्तर हवे असते. मला बरोबर उत्तर हवे आहे. आधी सांग, लहर म्हणजे काय करते?"

"जाळते," शलाका म्हणाली. गावात सगळे हेच म्हणत.

"सगळ्या लहरी सारख्या नसतात. राखणीला बसलेल्या माणसाने गोफणीतून धोंडा मारला, तर कवठ फुटते की नाही?"

"फुटतं."

"आणि मूठभर ज्वारी फेकली तर?"

"ज्वारीनं कवठ कसं फुटेल?"

"पोतेभर फेकली तर?"

शलाकाने विचार केला. "तरी नाही. एकेक दाण्यात तेवढा जोरच नसतो."

"हाच मोठा फरक आहे. प्रारण (ऊर्जेचा लहरींच्या रूपाने होणारा प्रवास) दोन प्रकारचे समज. क्ष-किरण हे गोफणीचे धोंडे. त्यांचा एकेक कण पेशीतील रेणूंची मोडतोड करू शकतो. मोबाइलच्या लहरी ज्वारीसारख्या. त्यांच्या एकेका कणात ती ताकद नसते. पुष्कळ दाणे एकत्र आले, की फक्त थोडी ऊब निर्माण होते."

"मग काही होत नाही?"

"मी तसे म्हणालो नाही. काही प्रयोगशाळांनी काचेच्या बशीत शुक्राणू ठेवले, जवळ मोबाइल ठेवला, आणि ते मंदावलेले पाहिले. काहींना फरक दिसला नाही. पण बशी म्हणजे शरीर नव्हे. पुरुषांच्या पाहण्यांतही असेच झाले: काहींत फार मोबाइल वापरणाऱ्यांचे शुक्राणू कमी आढळले, काहींत नाहीत. शिवाय जो दिवसभर मोबाइल वापरतो, तो बसूनही राहतो आणि झोपतोही कमी. दोष कशाचा, हे वेगळे काढणे अवघड जाते. म्हणून 'सिद्ध झाले' हेही खरे नाही, आणि 'धोका नाहीच' हेही नाही."

काकांनी घसा खाकरला. "मास्तर, एका दोस्तासाठी विचारतो. मार्गशीर्षात त्याचं लगीन हाय. तो मोबाइल विजारीच्या खिशात ठेवतो."

परीक्षकाचा डोळा काकांच्या फुगलेल्या खिशावर क्षणभर थांबला. "तुमच्या दोस्ताने घाबरू नये. पण अंतर वाढले, की लहरींची तीव्रता झपाट्याने घटते. मोबाइल पिशवीत ठेवायला खर्च येत नाही. बिनखर्चाची काळजी घ्यायला पुराव्याची वाट पाहावी लागत नाही."

"सांगतो त्याला," काका म्हणाले आणि जरा वेळाने, कोणी पाहत नाही असे समजून, त्यांनी मोबाइल काढून खुंटीवरच्या पिशवीत टाकला.

"आता बैल दाखवा," परीक्षक म्हणाला. "आपण मघापासून पट्ट्याबद्दल बोलतो आहोत. बैलाबद्दल कोणीच बोललेले नाही."

शेवऱ्या पत्र्याच्या छपराखाली उभा होता. अंगावर चंदेरी झूल चमकत होती. पोळ्याला घालतात तसली नक्षीची झूल नव्हे ही. बाहेरून धातूचा चकचकीत पापुद्रा, आत बोटभर जाड कापूस, आणि मागे थेट गुडघ्यांपर्यंत लोंबणारा पडदा. बाजारात ती 'लहरीरोधक' म्हणून विकली जात होती. पट्टा आल्यानंतरच्या आठवड्यात काकांनी स्वतःच्या पगारातून ती आणली होती. शलाका रोज सकाळी तिचे बंद बांधी. पहिल्यांदा आकडे घसरले, तेव्हापासून ती मागचा पडदा जरा अधिकच आवळून बांधत असे. समितीने तर सगळ्याच वळूंसाठी अशा झुली मागवायचे ठरवले होते.

परीक्षकाने डोळ्यापुढे तांबडी काच ओढली. तिच्यातून त्याला उष्णता दिसे. झुलीखाली वाकून त्याने बराच वेळ पाहिले. शेवऱ्याने त्याला हुंगले आणि खाण्याजोगे काही नाही हे ओळखून तोंड फिरवले.

"वृषण (शुक्राणू तयार करणारे नराचे अवयव) शरीराच्या बाहेर का लोंबतात, हे कोणी सांगेल?" परीक्षकाने विचारले.

"देवानं तसं केलंय," काका म्हणाले.

"कशासाठी केले असेल, असे विचारतो आहे."

शलाका विचारात पडली. हृदय, फुप्फुसे, यकृत, सगळे नाजूक अवयव शरीराच्या आत जपलेले. मग नेमका हाच बाहेर, उघड्यावर? बाहेर असे काय होते, जे आत नव्हते?

"वारा," ती हळूच म्हणाली. "बाहेर गार असतं."

"बरोबर. शुक्राणू घडायला शरीरापेक्षा चार-पाच अंश कमी तापमान लागते. उन्हाळ्यात हे अवयव सैल पडून शरीरापासून दूर लोंबतात, थंडीत आखडून जवळ येतात. हे निसर्गाचे रांजण आहेत. आणि या रांजणावर तुम्ही भर उन्हाळ्यात गोधडी घातली आहे." त्याने काच वर केली. "झुलीच्या आत तापमान जवळजवळ शरीराएवढेच आहे. पट्टा मोजतो मानेचा ताप. मान ठीक आहे. म्हणून तो गप्प राहिला."

शलाकाला आपले हात दिसू लागले: रोज सकाळी बंद आवळणारे, गाठ पक्की बसली ना म्हणून पुन्हा ओढून पाहणारे.

"मी बांधत होते," ती म्हणाली. "मीच."

"आन् आणली म्या," काका खाली बसले. "लेकरा, रडू नको. वाचवायलाच आणली होती की."

"पण झूल घातल्याबरोबर का नाही घसरले आकडे?" तिने नाक पुसत विचारले.

"वळूच्या शरीरात एक शुक्राणू घडायला साधारण दोन महिने लागतात. आज घडताना झालेली इजा काही आठवड्यांनी पडद्यावर दिसते. तोवर सगळे विसरतात, आणि ज्याची भीती वाटते त्याच्याकडे बोट दाखवतात. अर्थात, हा अजून माझा तर्क आहे. उत्तर नव्हे."

काकांनी झूल ओरबाडून काढली आणि मग शेवऱ्याच्या गळ्याकडे हात नेला. "पट्टा बी काढतो. दोन्ही गेले, की इडापिडा टळली."

"थांबा काका," शलाका म्हणाली. "दोन्ही काढले आणि तो बरा झाला, तर कशामुळे झाला ते कळणारच नाही. मग लोक म्हणतील पट्ट्यामुळे झालं होतं, आणि झुली सगळ्यांना घालतील."

"आन् पट्टाच कारण असला तर? तिसऱ्यांदा नापास झाला तर विकतील त्याला, पोरी."

तिने परीक्षकाकडे पाहिले. पण हे ठरवणे त्याच्या कामात बसत नव्हते.

"पट्टा राहू दे," ती म्हणाली.

पुढची तपासणी दोन महिन्यांनी होती. ते दिवस शलाकाला सोपे गेले नाहीत. पट्ट्यावरचा हिरवा दिवा लुकलुकला, की तिच्या छातीत धडधडे. प्रत्येक लुकलुकीत शेवऱ्याचे काहीतरी कमी होते आहे, असे तिला वाटे. मग ती मनाशी ज्वारी आणि गोफण घोळवी, तरी धडधड थांबत नसे. समजणे आणि भीती जाणे या दोन गोष्टी एकाच वेळी घडत नाहीत, हे तिला तेव्हा कळले. एकदा संध्याकाळी तिने बक्कल सोडलेसुद्धा. पट्टा हातात घेऊन ती उभी राहिली. शेवऱ्याने तिचा अंगठा तोंडात धरला. थोड्या वेळाने तिने पट्टा पुन्हा बांधला.

ऊन उतरले. ठरल्या दिवशी परीक्षक फाटकातून टपटपत आत आला. या वेळी समितीच्या अध्यक्ष सुलोचनाबाई पाटीलही हजर होत्या. शलाकाने पडद्याकडे पाठ केली होती.

"बघ की," काका म्हणाले.

"तुम्ही बघा. मला सांगा."

"मला त्यातलं काय कळतंय बाई? पण लई पळायलेत."

ती वळली. ठिपके पडद्याच्या एका कडेतून शिरत आणि दुसऱ्या कडेतून सरळ निघून जात, शाळा सुटल्यावर पोरे पळावीत तसे.

"शंभरात एकसष्ट," परीक्षक म्हणाला. "उत्तीर्ण."

काका खांबाला टेकले. शलाकाला हसावे की रडावे कळेना, म्हणून तिने शेवऱ्याच्या मानेत तोंड खुपसले.

"तर मग पट्टा निर्दोष आहे, असं लिहा," सुलोचनाबाई म्हणाल्या. "बाकीच्या बारा वळूंना लगेच घालू."

"या वळूत, या पट्ट्याने, एवढ्या काळात नुकसान आढळले नाही. मी इतकेच लिहू शकतो."

"आणि झुलीमुळेच झालं होतं, हे तरी लिहाल ना?"

परीक्षक उत्तर देणार, तोच शलाका मानेतून तोंड काढून म्हणाली, "पण आता उन्हाळाही सरलाय. झूल काढली नसती, तरी थोडा गारवा मिळालाच असता. म्हणजे झुलीचंही अजून पक्कं नाही."

"अगं, आपल्या बाजूनं निकाल लागलाय," काका कुजबुजले. "गप की जरा."

"शंका रास्त आहे," परीक्षक म्हणाला. "मला ती दाखल्यात नोंदवावी लागेल." आणि यंत्राला समाधान होत असेल, तर ते त्याच्या आवाजात होते.

झुलीची मागणी समितीने रद्द केली. गोधडीवाचून कोणाचे अडत नव्हते. पट्ट्यांचा निर्णय मात्र शलाकाच्या शंकेमुळे लांबला, आणि शेवटी वेगळाच झाला. पुढच्या फेरीला परीक्षकाने बारा पट्टे आणले. दिसायला सारखे, दिवेही सारखेच लुकलुकणारे. पण त्यांतल्या सहांमधून लहरी निघतच नव्हत्या. सगळे वळू एकाच छपराखाली, एकाच ऋतूत, एकाच चाऱ्यावर राहणार होते. फरक असणार होता फक्त लहरींचा. मग वर्षभर मोजायचे.

"कोणते सहा मुके आहेत ते मला ठाऊक आहे," परीक्षक म्हणाला. "तुझ्या काकांना सांगणार नाही. ज्याच्या गळ्यात लहरी आहेत असे त्यांना वाटेल, त्याला ते नकळत जास्त वैरण घालतील."

"घालीन," काकांनी कबूल केले. "पण पोरीला सांगा. तिनंच तर काढलं हे सगळं."

शलाकाने पहिला पट्टा उचलला. दिवा लुकलुकला आणि तिच्या छातीत पुन्हा धडधडले. ते इतक्यात जाणार नव्हते. मुका की बोलका? परीक्षकाने एका शब्दात सांगितले असते, तर आज तिला शांत झोप लागली असती.

"मला नका सांगू, मास्तर," ती म्हणाली, आणि बक्कल लावायला पहिल्या बैलाच्या मानेखाली वाकली.