पिवळं कार्ड आणि मृगाचा फोटो

अश्वजित पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचं बोट माझ्या हातात होतं, अन मी त्यात सुई टोचत होते. सावली गावच्या शाळेत सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या तपासणीचं शिबिर होतं. मी लॅबवाली, तो विज्ञानाचा नवा मास्तर.

"मॅडम, आता बोट सोडाल का?" तो हळूच म्हणाला. कापूस दाबून झाला होता, तरी मी धरूनच होते. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याला ताऱ्यांचे फोटो काढायचा नाद. त्याच्या खोलीसमोर रस्त्याचा दिवा, म्हणून त्यानं आमच्या घरावरची स्लॅब मागितली. दुर्बिणीला कॅमेरा जोडला अन पहिला फोटो मला दाखवला.

"सर, हे तारे आहेत का मेदुवडे?"

"फोकसच लागून नाई राह्यला..."

मी दिवसभर सूक्ष्मदर्शक फिरवणारी. म्हटलं, "आधी दुर्बीण थंड होऊ द्या. मग चकती हळू फिरवा. तारा बारीक होऊन पुन्हा मोठा झाला, की तिथून मागं या."

तारा टाचणीच्या टोकाएवढा झाला. त्यानं माझ्याकडं पाहिलं... ताऱ्यापेक्षा जास्त वेळ.

पण पुढचे फोटो लांबट येत, तांदळाच्या दाण्यासारखे. ताऱ्यांसोबत फिरायला दुर्बिणीचा आस ध्रुवाच्या दिशेनं लागतो, याचा भलतीकडंच.

"मोबाईलवर उत्तर दिशा पाहिली ना मी," तो म्हणाला.

"मोबाईल कुठी ठेवला होता?"

"इथीच, टाकीच्या स्टँडवर."

"लोखंडावर? मग होकायंत्र खरं काऊन सांगन?" मला हसू आवरेना. चिंचेच्या शेंड्यावर मीच त्याला ध्रुव दाखवला.

"आपल्या बौद्ध लग्नात ध्रुव दाखवत नाईत," तो म्हणाला.

"कोणाचं लग्न?"

त्यानं पटकन डोळा दुर्बिणीला लावला.

पंधरा दिवसांनी त्याचा सिकलसेलचा रिपोर्ट आला. वाहक. पिवळं कार्ड. माझंही पिवळंच. वाहकाला स्वतःला काही होत नाही. जोडीदाराचं कार्ड पांढरं, म्हणजे निर्दोष असलं, तर लेकरालाही भीती नाही. पण दोन पिवळी एकत्र आली, की लेकराला लाल कार्डाची भीती, म्हणजे खराच आजार. माझ्या आईबापाला हे ठाऊक नव्हतं. माझा भाऊ प्रफुल लाल कार्डाचा होता. हाडं दुखून रात्र रात्र ओरडायचा. एकोणिसाव्या वर्षी गेला.

त्या रात्री मृग नक्षत्राचा फोटो आला, तारे गोल अन बारीक. अश्वजित खुशीत होता. "हर्षा, मी आईले तुझं सांगितलं."

मी दोन्ही कार्डं त्याच्या हातात दिली.

त्यानं ती मोबाईलच्या उजेडात वाचली. मग म्हणाला, "लेकरू नाई झालं तरी चालन मले."

"मले नाई चालणार. मले लेकरू पाहिजे, अश्वजित."

"नागपूरले लेकरू पोटातच तपासते म्हणे..."

"तपासते. मीच सांगते लोकायले. अन लाल निघालं तर?" मी म्हटलं. "प्रफुलच्या वेळी आईले कोणी हे विचारलं असतं, तर तो झालाच नसता. तो नसता तर बरं होतं, असं म्हणणं मले नाई जमत. दुसरं लेकरू तसं तडफडताना पाहणंही नाई जमत."

"मग मी काय करू?"

"पांढऱ्या कार्डाची पोरगी पाहा."

शिबिरात शंभर जणांना हेच सांगितलं असेल मी. तो दुर्बीण सोडवू लागला, मी टॉर्च धरला.

जिन्यात तो थांबला. "माह्या आईले तू ऐकूनच आवडली होती."

"अन तुले?" विचारायला नको होतं.

"मी आईले तुझं सांगितलं तेव्हा आपल्या लग्नाची तारीखच विचारली तिनं... अन मी सांगून टाकली."

मी तारीख विचारली नाही.