हिरड्याची शाई

सन १९६१. त्या पावसाळ्यात पानशेतचं धरण फुटलं, म्हणून पुण्याची माणसं ते साल विसरत नाहीत. पोलादपूरच्या विमल उतेकरलाही ते साल विसरता आलं नाही, पण तिचं कारण वेगळं. जे घडलं ते धरण फुटायच्या दोन महिने आधी, महाडच्या एसटी स्टँडवर.

विमल तेव्हा वीस वर्षांची. पुण्याला बीएस्सीला, रसायनशास्त्र घेऊन. मे महिन्याच्या सुट्टीत घरी आली होती आणि त्या दुपारी आत्याचा एक खोका सोडवून घ्यायला महाडला गेली होती. खोका मुंबईहून परत आला होता. परत आलेल्या खोक्यात चांगली बातमी कुठली असायला! पण पोलादपूरची गाडी यायला तास होता आणि तिच्याने धीर धरवेना. बाकावर बसून तिने सुतळी सोडली.

आत आत्याच्या महिला मंडळाच्या आंबापोळ्या होत्या. होत्या म्हणजे... असायला हव्या होत्या. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, आणि एकमेकींना चिकटून त्यांचा एकच गोळा झालेला. तिने वरचा कागद ओढला. कागद निघाला, अक्षरं मात्र पोळीवरच राहिली.

"आरसा हवा का?" मागून कुणीतरी विचारलं.

ती वळली. काखेत चित्रांची वही, नाकावर कोळशाचा डाग, असा एक काटकुळा मुलगा पोळीत डोकावत होता.

"बातमी उलटी उमटलीय ना. आरशात धरली तर वाचता येईल. बहुतेक हवामानाचा अंदाज आहे."

"हसू येतंय तुम्हाला?"

तिचे डोळे भरले होते. त्याचं हसू तिथल्या तिथे विझलं. "येत होतं... आता नाही."

खोक्यात दुकानदाराची चिठ्ठी होती. पावसाच्या आत एकदा शेवटचा माल पाठवा. नीट आला तर ठेवू, नाही तर इथून पुढे राम राम. मंडळात अठरा बायका. त्यांची पुढारी रंगूबाई, विमलची आत्या. तरुणपणी विधवा झालेली, आणि भावाशी भांडून भाचीला पुण्याला धाडणारी. हे दुकान सुटलं तर मंडळाला कुलूपच लागणार होतं. का कोण जाणे, विमलने हे सगळं त्या अनोळखी मुलाला सांगून टाकलं.

"वेष्टन मी करून देतो," तो म्हणाला. "मी दत्ताराम महाडिक, बिरवाडीचा. मुंबईला कलाशाळेत आहे. हेच शिकतो आम्ही."

"आणि बदल्यात?"

"एक आंबापोळी. फक्त... कुणी वाचलेली नको."

आता मात्र विमलला हसू आवरेना.

तिसऱ्या दिवशी तो रंगूबाईच्या अंगणात हजर झाला, सोबत शाळेपासूनचा दोस्त हैदर. हैदर महाडचा, मुंबईला कॉमर्सला होता आणि त्याच्या मामाचा ट्रक होता. दत्तारामने पुठ्ठ्याचा डबा करून आणला होता. वर केशरी आंबा, आंब्यावर हिरवागार पोपट. बायका कामं टाकून भोवती जमल्या.

"अगो बया, असा पोपट खऱ्या झाडाव नाय बसत!" चंद्राबाई म्हणाली. अंगणात सगळ्यात तिखट जीभ तिचीच, पण तीही भुलली.

"तुम्हाला कसा वाटला?" दत्तारामने विमलला विचारलं.

"चोच जरा मोठी आहे," ती म्हणाली, आणि उगाचच पदर सारखा करत बसली.

हैदर म्हणाला, "विमलताई, परीक्षेला मुंबईपर्यंत कशाला जायचं? पोळ्या भरून मामाच्या ट्रकवर टाकू. आंबेनळी घाट चढवू नि उतरवू. त्या वळणांत जे टिकेल ते कुठेही टिकेल."

संध्याकाळी डबा परत आला. पुठ्ठा तेलाने पारदर्शक झाला होता आणि पोपटाचा हिरवा रंग ओघळून आंब्यावर उतरला होता.

"हे तेल आलं कुठून?" दत्ताराम चक्रावला.

"ताटाला लावतात ना. तेलाचं बोट फिरवल्याशिवाय पोळी सुटते का?" विमल म्हणाली.

"मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही विचारलंत?"

"रसायनं तुम्ही शिकता की मी?"

ते खरं होतं. तेल, रंग, कागद, कशात काय विरघळतं, सगळं तिच्या वहीत होतं. पण आत्याच्या ताटावरचं तेलाचं बोट त्या वहीत बसतं, हे तिला कधी सुचलंच नव्हतं.

थोड्या वेळाने दत्ताराम खाली बघत म्हणाला, "मी तरी काय... ताट बघायचं सोडून पोपट काढत बसलो."

पावसाला जेमतेम पंधरा दिवस उरले होते. सकाळी विमल उठली ती थेट चुलीपाशी गेली.

"आत्या, तू मला दर वर्षी पुण्याला आंबापोळी कशात बांधून देतेस?"

"कशात म्हंजे? विरीत. परसातल्या पोफळीच्या."

पोफळीची झावळ गळते तेव्हा तिच्या बुडाशी चामड्यासारखा रुंद पापुद्रा असतो, ती विरी. विमलच्या होस्टेलवर तिन्ही वर्षं त्यातली पोळी महिनोन्महिने टिकली होती. ना चिकटली, ना तेल बाहेर आलं.

"मग मंडळाच्या मालाला का नाही वापरली?"

रंगूबाई लाजली. "मुंबईच्या लोकांना झाडाचा पाचोळा धाडायचा? हसतील ना गो. म्हणून तर चांगला छापील कागद आणला होता."

दत्ताराम दारात उभा होता. त्याने आपला पोपटाचा डबा उचलून चुलीत सारला. "बाई," तो रंगूबाईला म्हणाला, "तुम्ही आमच्या कलाशाळेत शिकवायला चला."

मग अंगणात कारखाना सुरू झाला. विरी भिजवायची, पुस्तकाच्या पुठ्ठ्यासारखी दुमडायची, पाट्याखाली दाबून वाळवायची, केळीच्या सोपाने, म्हणजे खोडाच्या वाळक्या सालीने, बांधायची. दत्तारामने शिवणीच्या लाकडाचा ठसा कोरला. त्यात एक आंब्याचं पान आणि खाली ‘पोलादपूर’. ठशासाठी त्याने छापखान्यातली शाई आणली, तर विमलने डबा नाकाशी नेऊन लांब धरला.

"घासलेटाचा वास येतोय. खायच्या वस्तूवर हे नाही चालणार."

"मग काय, चुलीतल्या काजळीने छापू?"

"हिरड्याने," विमल म्हणाली.

डोंगरात हिरड्याला काय तोटा! तिने लोखंडी कढईत हिरडे कुटून उकळले, त्यात गंजलेले खिळे टाकले, वर डिंक. पाणी तपकिरी झालं, मग करडं, मग अमावास्येच्या रात्रीसारखं काळं. तिने विरीवर ठसा उमटवला, वाळवला, आणि सगळ्यांच्या देखत त्यावर तेलाचं बोट फिरवलं. पान जसंच्या तसं.

"आणि पोटात गेलं तर?" हैदरने विचारलं.

"औषध समजा. हिरडाच आहे."

दत्ताराम पानाकडे बघत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता... आणि ती बघते आहे हे कळल्यावर घाईघाईने ठसा पुसायला लागला.

त्या शाईची एकच खोड होती. ती बोटांवरूनही जात नसे. दोन दिवसांत दोघांचे हात मनगटापर्यंत काळे झाले.

"काय गो विमल," चंद्राबाईने भर पाणवठ्यावर विचारलं, "त्या चित्रकाराच्या बोटाला नि तुझ्या बोटाला येकच काळं कसं?"

"काम करतो आम्ही, चंद्राकाकू."

"काम तर आमीबी करतो. आमचे हात बघ, कसे गोरेपान हायत!"

संध्याकाळी विमल लिंबाने हात घासत बसली होती. दत्ताराम जवळ आला.

"जाईल का हो?"

"रसायनशास्त्र म्हणतं, कातडी झडेल तेव्हा."

"मग राहू दे." तो थांबला. "म्हणजे... मला काही घाई नाही."

विमलने लिंबू खाली ठेवलं.

माल भरायचं हैदरने ठरवलं. पुडे आडवे न रचता बांबूच्या हाऱ्यांत उभे, कपाटातल्या पुस्तकांसारखे, म्हणजे एकाचं वजन दुसऱ्यावर नाही. दोघं मित्र ट्रकवर बसून मुंबईला गेले. निघताना दत्तारामने काळा हात उंच केला. विमलनेही केला, आणि आत्या बघते आहे हे लक्षात येताच त्याच हाताने केस सारखे केले.

एक दिवस गेला. दुसरा गेला. मंडळातल्या बायका कामाला आल्या, पण कान सगळ्यांचे रस्त्याकडे. चौथ्या दिवशी दुपारी वळणावरूनच हॉर्न ऐकू आला. एकदा नाही, ट्रक अंगणापाशी थांबेपर्यंत वाजतच राहिला.

दत्तारामने टपावरून एक हारा उचलून उलटा केला. रिकामा. दुसरा उलटा केला. रिकामा.

"सगळा गेला!" हैदर ओरडला. "दुकानदाराने पुडे दर्शनी मांडले. लोक म्हणे आधी पुडाच हुंगतात! पाऊस सरला की दसऱ्याला फणसपोळी, पुढच्या उन्हाळ्यात दुप्पट माल. कागद लिहून दिलाय!"

चंद्राबाईने रिकामा हारा डोक्यावर घेऊन फेर धरला. अठरा बायका, भर दुपारचं ऊन, आणि वाटेवरची माणसं थांबून बघतायत! रंगूबाई मात्र उंबऱ्यावर बसली आणि पदराने डोळे पुसू लागली.

दत्ताराम तिच्यासमोर येऊन उभा राहिला. "बाई, मला एक विचारायचं होतं... विमलबद्दल."

"मला काय इचारतोस रे? तिला तोंड नाय काय? तिला इचार."

तो विमलकडे वळला. बायकांचा फेर हळूच थांबला.

"मला चित्र येतं," तो म्हणाला, "पण ते कशावर टिकेल हे... हे मला तुमच्याशिवाय कळत नाही. तेव्हा..."

"तेव्हा काय?"

"जन्मभर सांगाल का?"

विमलने त्याच्याकडे सरळ पाहिलं. "सांगेन. पण आधी बीएस्सी पुरी करणार. आणि तुम्ही विचारायचं. न विचारता पोपट काढायचे नाहीत."

"नाही काढणार."

"मग हो."

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी हैदरने तो सोडलाच नाही.

विमल पहिल्या वर्गात बीएस्सी झाली आणि १९६३च्या वैशाखात लग्न लागलं. रंगूबाईचा भाऊ, म्हणजे विमलचा बाप, रुसला होता, तोही अक्षता टाकायला आला. रंगूबाईचं मंडळ पुढे चाळीस वर्षं चाललं. ती गेली तेव्हा त्यात साठ बायका होत्या. चंद्राबाई तिच्या मागोमाग पुढारी झाली आणि दुकानदार तिला टरकून असत. हैदर कुवेतला गेला, परत येऊन महाडला स्वतःचे चार ट्रक काढले. दत्ताराम महाडच्या शाळेत चित्रकला शिकवू लागला, विमल त्याच शाळेत विज्ञान.

१९८४ साली ती मुख्याध्यापिका झाली. खोलीच्या दारावरची पाटी दत्तारामनेच रंगवली, आणि रंग वाळेपर्यंत दारात खुर्ची टाकून बसला. शिपाई, मास्तर, मुलं, जो येईल त्याला ऐटीत सांगत होता, "जपून. बाईंचं नाव ओलं आहे अजून."