लंगडीची नखं

कोठीच्या दाराला बाहेरून कुलूप होतं आणि आतून धुडकू एकच घोकत होता, “मी इख टाकं नही, ताई.”

कडोदऱ्याच्या त्या शेडमध्ये सकाळपासून कोंबड्या पटापट मरत होत्या. गुरांच्या डॉक्टर विजयाताई आत आल्या, तसं मालक भूपेंद्रभाईंनी फाटकही लावून घेतलं.

“धुडकूनं दाण्यात विष घातलं, असं लिहून द्या, बेन. पोलीस येतातच आहेत. मग जा.”

श्रावणातला उकाडा, ओल्या भुशाचा वास. सही केली की त्या सुटणार होत्या आणि धुडकू तुरुंगात जाणार होता. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला हात धजेना.

त्यांनी मेलेली कोंबडी चिरली. आतडं रक्तानं भरलेलं. पायाची नखं लांब, वाकडी.

“दाणा कोण घालतं?”

“धुडकू,” भूपेंद्रभाई म्हणाले. “कानबाईच्या सणाला बायकोला घेऊन गावी गेला, तो आठवडाभर तिकडेच रमला. काल अंधार पडल्यावर आला, दाणा टाकला, आज हे.”

“तोवर कोण बघत होतं?”

“मी,” भूपेंद्रभाईंचा भाचा गजेंद्र म्हणाला. विष हा शब्द सकाळी आधी त्यानंच काढला होता. “माझ्या हातून एक तरी मेली का?”

तेवढ्यात एक लंगडी कोंबडी खुशाल दाणे टिपत आली.

“हाई आमनी लंगडी,” धुडकूची बायको सरलाबाई म्हणाली. “तिले काईच व्हयनं नही.”

विजयाताईंनी तिला उचललं. नखं झिजून बोथट झालेली.

“दाणा तोच, मग ही कशी वाचली? हे विष नाही, आतड्यातला जंतू आहे. भुशात उकरत वाढलेली कोंबडी लहानपणापासून तो थोडा थोडा गिळते आणि पचवायला शिकते. धुडकूच्या कोंबड्या इथंच वाढल्या, त्या याला भीक घालत नाहीत. मेल्यात त्या जाळीच्या पिंजऱ्यातल्या, म्हाताऱ्या. उकरायला जमीन नव्हती, म्हणून नखं वाढली. या जंतूशी त्यांची गाठ इथंच पहिल्यांदा पडली. गजेंद्रभाई, धुडकूच्या विकून या बदली आणून ठेवल्यात; पांढऱ्या सगळ्या सारख्याच दिसतात, नाही का? व्यापाऱ्यानं लंगडी तेवढी घेतली नाही.”

गजेंद्र फाटकाकडे धावला. कुलूप मामानंच घातलं होतं.

“अंड्यावर आलेल्या होत्या, मामा,” तो पुटपुटला. “भाव चांगला मिळाला. या मरतील असं वाटलं नव्हतं.”

भूपेंद्रभाई किल्ल्या घेऊन उठले. फाटकाकडे न जाता ते कोठीकडे गेले.

धुडकू डोळे चोळत बाहेर आला. मालकाकडे त्यानं पाहिलंच नाही.

“आमनी लंगडी जित्ती शे ना?” त्यानं सरलाबाईला विचारलं.